मागील पानावरून पुढे

रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराण्याचा मूळ पुरुष भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेला असतो. १७४१ साली भास्करपंत रतनपूरवर चालून आले तेव्हा, नाहीतर फार तर १७५८ साली बिंबाजीराजे रतनपूरच्या गादीवर बसले तेव्हा. पायी आलेला कोणी नाही, सगळे घोड्यावर. आमचे बाबा हेच सांगत. आत्याची प्रत वेगळी आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे आमचे पणजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत मालगोदामावर कारकून म्हणून आले आणि घोडा त्यांनी पाहिला तो टांग्याला जुंपलेला. एका घराण्याचे दोन इतिहास, एकाच छपराखाली, आणि एकमेकांशी तसूभर न जुळणारे. अशा घरात जन्मून मी पोटापाण्यासाठी धंदा निवडला तो दोन ठिकाणचा डेटा जुळवून देण्याचा.

गिऱ्हाईक होते गोल बाजारातले भांड्यांचे एक ठोक व्यापारी. नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून चहा मिळतो. पितळ, कासं, स्टील असा तीन मजली माल. दुकानात बिलिंगचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. ते ज्याने लिहिलं तो मुलगा बेंगळुरूला गेला तो गेलाच. त्याचा डेटा मायएसक्यूएल ५.७ मध्ये, आणि मायएसक्यूएल गादीशेजारच्या एका कॉम्प्युटरमध्ये, ज्याच्या डोक्यावर उन्हाळ्यात मुनीमजींची सुरई असे. दुसरीकडे मी राजिम, धमतरी, महासमुंदच्या छोट्या दुकानदारांसाठी एक वेबसाइट करून दिली होती. सेठजींचं म्हणणं एका वाक्यात मावणारं होतं. "दुकान से लोटा गया, तो वेबसाइट से भी जाना चाहिए. उसी टैम."

पहिला उपाय कुणालाही सुचेल असा केला. दर पाच मिनिटांनी डेटाबेसकडे जायचं आणि विचारायचं, काही बदललं का? हावडा मेलमध्ये दुर्ग सुटल्यापासून पोरं विचारत राहतात ना, रायपूर आलं का, रायपूर आलं का, तसं. बदललेलं कळायचं. पण पुसलेलं कळेना. मुनीमजी चुकलेलं बिल सरळ उडवून टाकत, आणि उडवलेली ओळ 'मी गेले' असं सांगायला थोडीच मागे थांबते! त्यामुळे दुकानात परत आलेले लोटे वेबसाइटवर विकलेलेच राहिले. बिलिंगमध्येच दोन ओळी घालाव्यात तर त्याचा कोड बेंगळुरूला.

मग मला बिनलॉग सापडला. म्हणजे तो होताच, फक्त बंद होता. मी तो चालू केला आणि अमेरिका सापडल्यासारखा हिंडू लागलो.

प्रकार असा. मायएसक्यूएल आपल्या पोटात झालेला प्रत्येक बदल एका वहीत क्रमाने लिहीत जातो. ही वही तुमच्या-माझ्यासाठी नसते. ती असते त्याच्या जोडीदार सर्व्हरसाठी, ज्याला पूर्वी स्लेव्ह म्हणत आणि आता रेप्लिका म्हणतात. जोडीदार येतो, सांगतो की अमुक वहीत अमुक जागेपर्यंत माझं वाचून झालंय, पुढचं बोला. मूळ सर्व्हर बोलत राहतो, जोडीदार तसंच्या तसं आपल्याकडे करत राहतो. युक्ती एवढीच की जोडीदाराचा वेश करून आपण जाऊन बसायचं. पायथनमध्ये त्यासाठी एक तयार लायब्ररी मिळते. सर्व्हरला वाटतं, आपली रेप्लिका आली. प्रत्यक्षात तिथे मी बसलेला, आणि ऐकलेलं वेबसाइटला जाऊन सांगणारा. भाऊसाहेबांच्या तोतयाचं शेवटी काय झालं हे मला शाळेत शिकवलं होतं. तेव्हा ते आठवायला हवं होतं.

या वहीत नोंदी दोन तऱ्हांनी होऊ शकतात. एक म्हणजे हुकूम जसाच्या तसा उतरवायचा: सगळ्या लोट्यांचा भाव पाच टक्क्यांनी वाढव. दुसरी म्हणजे ओळीओळीने: हा लोटा आधी २०० चा होता, आता २१० चा आहे, तो आधी ३०० चा होता, आता ३१५ चा. ५.७.७ पासून ही दुसरी तऱ्हाच आपोआप चालू असते. मला समजायला एक क्षण लागला नाही, कारण आमच्या घरात दोन्ही तऱ्हा नांदल्या. बाबा पहिल्या तऱ्हेचे. "नागपूरच्या काकाचं बिनसलंय." संपलं. आत्या दुसऱ्या तऱ्हेची. "आधी दर रविवारी फोन करायचा, आता महिन्यातून एकदा. आधी फ्लॅट दोघांच्या नावावर होता, आता एकटीच्या. आधी चहात साखर घ्यायचा, आता घेत नाही." आधीचं आणि नंतरचं शेजारीशेजारी. अर्थ ऐकणाऱ्याने आपला काढावा.

आत्याची आणखी एक खुबी आहे. सांगता सांगता कुकरची शिट्टी होते, दारावर भाजीवाली येते, कधी कधी मध्ये तीन आठवडे जातात. पण पुढच्या फोनला ती म्हणते, "हां, तर आपण कुठे होतो? नणंदेच्या साखरपुड्यात करंज्या कमी पडल्या तिथे," आणि अचूक तिथूनच पुढे. भिलाईच्या मामेबहिणीला ती करंज्यांच्या आधी, हळदीकुंकवापाशी सोडून आलेली असते, तिला तिथून उचलते. किमान चाळीस नातेवाईक, प्रत्येकाची जागा वेगळी, एकही कागद नाही. मी आयुष्यभर याला बडबड समजत आलो. माझ्या धंद्याची गुरुकिल्ली रोज संध्याकाळी सहा वाजता मला फोन करत होती आणि मी स्पीकरवर टाकून वर्तमानपत्र वाचत होतो.

तसं पाहिलं तर एकीकडचं दुसरीकडे पोचवायचं हे काम आमच्या भागाला नवीन नाही. बूढापाऱ्यात ज्यांच्या नावाची शाळा आहे ते माधवराव सप्रे. घरी मराठी बोलणारा हा माणूस छत्तीसगडातल्या हिंदी पत्रकारितेचा पाया घालून गेला. पुण्याच्या 'केसरी'त टिळक लिहीत, आणि सप्र्यांनी १९०७ साली नागपुरातून 'हिंदी केसरी' काढून ते हिंदीत पोचवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी टिळकांना पकडलं आणि सप्र्यांनाही. सिंक्रोनायझेशन इतकं चोख की वॉरंटसुद्धा दोन्हीकडे उतरलं. पुढे त्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणलं. शाळेवरून जाताना मी हल्ली मान खाली घालून जातो. कारण पुढे येईल.

पहिल्या दिवशी सगळं सुरळीत झालं. मुनीमजींनी बिलावर लोटा चढवला आणि सेठजींच्या मोबाइलवर वेबसाइटमधला लोटा त्याच क्षणी एकाने कमी झाला. सेठजींनी तो चमत्कार पाच वेळा करायला लावला. मग बिलं उडवायला लावली, लोटे परत आले. समोसे मागवले गेले.

दुसऱ्या आठवड्यात ते बिघडलं. ऐकणारा प्रोग्रॅम मिनिटभर चालायचा आणि धाडकन पडायचा, आपोआप उठायचा, पुन्हा पडायचा. मी केबल बदलली. राउटर बदलला. सुरई हलवली, त्यावरून मुनीमजींशी दोन दिवस अबोला झाला. कारण माझ्या घरी होतं. प्रत्येक रेप्लिकेला आपला एक वेगळा क्रमांक सांगावा लागतो, सर्व्हर आयडी. लायब्ररीच्या नमुन्यात तो १०० आहे. मी दुकानात १०० ठेवला. घरी तपासून बघायला लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम चालवला, तिथेही १००. एकाच क्रमांकाचा दुसरा आला की सर्व्हर पहिल्याला हाकलतो, त्याला वाटतं जुनाच फोन कट होऊन पुन्हा लागला. पहिला परत येतो, दुसरा बाहेर. तात्यापारा आणि गोल बाजार यांच्यात दोन दिवस संगीतखुर्ची चालली होती आणि दोन्ही बाजूंनी मीच खेळत होतो. बायको म्हणाली, "अहो, घरचा लॅपटॉप बंद करून बघा ना एकदा." तिने इतिहासात एमए केलंय.

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण सेठजींना एसएमएस हवा होता. उधारीचा आकडा बदलला की पार्टीच्या मोबाइलवर निरोप. ऐकणारा तर बसलाच आहे. लोटे ऐकतो तसे खातीही ऐकेल. आता एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, ट्रायचा नियम आहे. फक्त मधली गाळलेली जागा आपल्याला भरता येते. आमचा मजकूर मंजूर झाला: प्रिय ग्राहक, आपके खाते में इतके इतके रुपये बकाया है, कृपया भुगतान करें. पुढे जे घडलं त्यातलं अक्षर न् अक्षर सरकारमान्य होतं. फक्त गाळलेली जागा माझी.

त्या दिवसांत मी शेजारच्या काकांना हे सगळं कौतुकाने सांगायला गेलो. काका सरकारी कॉम्प्युटरच्या कामातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बदल झाला की एसएमएस? चांगलं आहे. आपल्या राज्यात गोदामातून रेशनच्या तांदळाचा ट्रक निघाला की नाव नोंदवलेल्या लोकांना एसएमएस जायचा, तेव्हा तू कॉलेजात असशील." हे खरं आहे. आणि २०१२ साली याच रायपुरात कोअर पीडीएस सुरू झालं. कार्डवाल्याने शहरातल्या वाटेल त्या दुकानात जावं, दुकानातल्या छोट्या मशीनवरून नोंद थेट मध्यवर्ती सर्व्हरला, एकाकडे उचललेला तांदूळ दुसऱ्याकडे लगेच वजा. लोकांत त्याचं नाव 'मेरी मर्जी'. देशभर 'एक देश, एक रेशनकार्ड' व्हायच्या कितीतरी आधी. लाखो लोकांच्या पोटाचा प्रश्न, आणि मी लोट्यांवर छाती फुगवून बसलेलो.

काकांनी दोनच प्रश्न विचारले. "कुठपर्यंत ऐकलं ते कुठे लिहून ठेवतोस? आणि तेच दोनदा ऐकलं तर काय होतं?"

मी म्हणालो, "काका, चहा झकास झालाय."

कुठपर्यंत ऐकलं ते मी लिहून ठेवत होतो. दुकानातल्या एका जुन्या लॅपटॉपवर उबंटू टाकून त्यात ऐकणारा बसवला होता, आणि ती जागा लिहिलेली फाइल टीएमपी नावाच्या फोल्डरमध्ये होती. टीएमपी म्हणजे टेम्पररी. मशीन बंद होऊन नव्याने सुरू झालं की ते फोल्डर रिकामं होतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या गोष्टी मी एका कप्प्यात ठेवतो आणि काम करताना दुसरा कप्पा उघडतो. शिवाय प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती: जागा सापडली नाही तर काय करायचं? मी लिहिलं होतं, पहिल्यापासून. लिहिताना वाटलं होतं, किती विचारी माणूस आहे मी.

आणखी एक गोष्ट. खात्यांच्या टेबलात नाव, फॅक्स, मोबाइल, बाकी असे रकाने होते. फॅक्सचा रकाना पाहून मला हसू येई. राजिमच्या भांडीवाल्याला कोण फॅक्स करणार? डिसेंबरातल्या एका रिकाम्या दुपारी स्वच्छतेच्या भरात मी तो रकाना उडवून टाकला. बिलिंगला काही फरक पडला नाही. मी हात झटकले.

२०२२ च्या अक्तीची आदली रात्र. बाकी लोक अक्षय्य तृतीया म्हणतात, आमच्याकडे अक्ती. गावोगाव बाहुला-बाहुलीची लग्नं लागतात, आणि खऱ्या लग्नांची तर रांग. भांडीवाल्यांची ती दिवाळी. त्या रात्री अंधड आलं. गोल बाजाराची वीज गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली होती, तोही गेला. पावणेबाराच्या सुमाराला वीज आली. लॅपटॉप आपोआप सुरू झाला, ती सोय मीच केली होती. त्याने टीएमपी उघडलं. रिकामं. मग माझ्या आज्ञेनुसार तो वहीच्या पहिल्या पानाकडे वळला आणि अकरा महिन्यांचं आयुष्य पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागला. वह्या सगळ्या शाबूत होत्या. जुन्या वह्या किती दिवसांनी टाकून द्यायच्या याचा आकडा ५.७ मध्ये मुळात शून्य असतो, आणि शून्य म्हणजे कधीच नाही. मायएसक्यूएल ८ मध्ये तो तीस दिवस आहे. आमच्या आजीच्या काळचं ५.७, काही टाकत नसे.

मी झोपलो होतो. पाऊस पडून हवा छान झाली होती.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुनीमजींचा फोन. सुरईपासून ते माझ्याशी मोजकंच बोलत, आणि रागावले की छत्तीसगढीत. "का कर डारे भइया? मरे मनखे ला घलो मैसेज भेज देस!"

आरंगचा एक दुकानदार आठ महिन्यांपूर्वी वारला होता. त्याच्या फोनवर, म्हणजे आता त्याच्या मुलाच्या हातात, रात्रीतून एकवीस निरोप आले होते. जेवढी बिलं, तेवढे निरोप. पण मुनीमजींचा आवाज कापत होता तो त्यामुळे नव्हे. आकड्यामुळे.

दुकानात पोचलो तेव्हा शटर अर्धंच वर होतं. सेठजी गादीवर, समोर राजिमचा एक दुकानदार. मध्यम वयाचा, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. पहिल्या बसने आला होता. त्याने मोबाइल गादीवर उताणा ठेवला, दोन बोटांनी अक्षरं मोठी केली आणि आकड्याखाली नख टेकवलं. प्रिय ग्राहक. आपके खाते में. त्यापुढे नवापासून सुरू होणारे दहा अंक. सेठजींनी कानामागची पेन्सिल काढली, जुन्या बिलाच्या पाठीवर आकडा उतरवला आणि उजवीकडून स्वल्पविराम देत आले. हजार. लाख. कोटी. शेवटी डावीकडे तीन अंक उरले. नऊशे ब्याऐंशी कोटी आणि वर काही लाख.

राजिमवाल्याने पिशवीतून नोटांची एक पुडकी काढून गादीवर ठेवली. "सेठजी, पचास हजार आज रख लो. बाकी का फसल पर देखते हैं."

तो थट्टा करत नव्हता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

मला दोन मिनिटांत कळलं. फॅक्स. ५.७ च्या बिनलॉगमध्ये प्रत्येक ओळीतल्या किमती असतात, पण रकान्यांची नावं नसतात. पहिला, दुसरा, तिसरा, एवढंच. नावं ऐकणाऱ्याने आपली लावून घ्यायची, आणि माझी लायब्ररी ती आजच्या टेबलावरून घेत होती. जुन्या नोंदी लिहिल्या गेल्या तेव्हा तिसऱ्या जागी मोबाइल होता. फॅक्स गेल्यावर सगळे एकेक पायरी वर सरकले, आणि तिसऱ्या जागी आली बाकी. म्हणजे डिसेंबरच्या आधीच्या प्रत्येक नोंदीत माणसाचा मोबाइल नंबर त्याची उधारी म्हणून वाचला गेला. आणि निरोप कुठे पाठवायचा तो नंबर आजच्या खात्यावरून काढलेला, म्हणून तो मात्र अगदी बिनचूक. प्रत्येकाला त्याचा स्वतःचाच नंबर रुपयांत कळवला होता. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. आपल्या नंबरापुढे रुपयाची खूण दिसली की माणूस नंबर ओळखत नाही, घाबरतो.

सेठजींना समजावताना मी इंग्रजी शब्द टाळले. म्हणालो, समजा बहीच्या मथळ्यातून एक खाना काढून टाकला आणि मग मागची पानं त्याच नव्या मथळ्याने वाचली. सेठजींनी मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. तीन पिढ्या बही लिहिणारं घर. "तो मोबाइल नंबर को रुपया समझ लिया." मग जरा थांबून, "किसने?"

मुनीमजींनी सुरईतून पाणी ओतलं. मला दिलं नाही.

सव्वाशे खाती होती. सेठजींनी पेन्सिलीने अदमास काढला. माणशी साधारण पावणेनऊशे कोटी धरले तर एक लाख आठ-नऊ हजार कोटी. त्याच वर्षी मार्चमध्ये मुख्यमंत्री शेणापासून बनवलेल्या ब्रीफकेसमधून राज्याचा अर्थसंकल्प घेऊन विधानसभेत गेले होते, तो एक लाख चार हजार कोटींचा. छत्तीसगडची सगळी धरणं, शाळा, पगार आणि धानखरेदी मिळून गोल बाजारातल्या लोट्या-थाळ्यांच्या उधारीला पुरत नव्हती. सेठजींनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. मला वाटतं, अजून आहे त्यांच्याकडे.

आता यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. हे थांबलं ते माझ्या कुठल्याही सावधगिरीने नव्हे. एसएमएसचे प्रीपेड पैसे संपले म्हणून थांबलं. सहा हजार एसएमएस शिल्लक होते. हिंदी एसएमएस सत्तर अक्षरांचा, काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी एक धरून. आमचा मजकूर नेहमीच्या पाच अंकी बाकीसह जेमतेम सत्तरात बसे. दहा अंक आले की सत्तरी ओलांडायची आणि कंपनी एका निरोपाचे दोन धरायची. त्यामुळे पहाटेपर्यंत तीन हजारच गेले. डिसेंबरनंतरच्या नोंदी रांगेत मागे होत्या, त्यांतले आकडे अगदी बरोबर होते, आणि प्रत्येकाला जाणारा शेवटचा निरोप खऱ्या बाकीचा असता. पण तिथवर पोचायला पैसे उरले नाहीत. आज माझ्याकडे त्या पहाटेच्या न गेलेल्या निरोपांची यादी आहे. त्यातला प्रत्येक आकडा खरा आहे.

आत्यालाही मेसेज गेले. चाचणीसाठी एक खोटं खातं उघडून त्यात मी तिचा नंबर घातला होता आणि गेल्या उन्हाळ्यात त्यावर मनसोक्त बिलं फाडली होती. तिचा फोन आला तो नऊ वाजता, नेहमीच्या सहाच्या वेळेची वाट न बघता. "काय करून राहिला रे तू? मी सगळे वाचले, पहिल्यापासून. एकशेचाळीस आहेत. एवढे पैसे भोसल्यांकडेसुद्धा नव्हते." तोपर्यंत तिने भिलाई, बिलासपूर, नागपूर आणि पुणे इथल्या सगळ्यांना कळवलं होतं. मी नंतर चौकशी केली. प्रत्येकाला अगदी एकदाच.

दुपारपर्यंत दुकानात गर्दी झाली, अक्तीची आणि माझी मिळून. मी गादीच्या कोपऱ्यात बसून येणाऱ्याची माफी मागत होतो. धमतरीच्या एकाला माफी नको होती, त्याला तो मेसेज लेटरहेडवर हवा होता. बँकेत कर्जाचा अर्ज दिलाय, म्हणाला. एवढी उधारी देणारे लोक ज्याच्यामागे आहेत त्याला बँक पाच लाख नाही देणार का?

आणि मग एक अशी गोष्ट झाली की जी मी ठरवून केली असं सेठजींना अजून वाटतं. काही गिऱ्हाइकं दोन-दोन वर्षं उधारी अंगाला लावून घेत नव्हती. बिल मिळालंच नाही, माल आलाच नाही, मुलगा घेऊन गेला असेल, बघतो. ती माणसं त्या दिवशी तावातावाने फोन करू लागली, व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवू लागली. "क्या मजाक है? नौ सौ करोड़? हमारा तो कुल बारह हजार चार सौ है!" मुनीमजी एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने लिहून घेत होते. नाव, तारीख, बारह हजार चार सौ, खुद कबूल किया. संध्याकाळपर्यंत अशा नऊ नोंदी झाल्या. दुकान वाढवताना त्यांनी सुरईतला एक पेला माझ्यासमोर ठेवला.

पुढचे आठ दिवस मी दुरुस्तीत घालवले. आता जागा सापडली नाही तर ऐकणारा गप्प बसतो आणि मला हाक मारतो, आपली अक्कल चालवत नाही. प्रत्येक निरोपावर तो वहीच्या कुठल्या जागेवरून आला ते लिहिलेलं असतं, तीच जागा दुसऱ्यांदा आली की निरोप जात नाही. टेबलाच्या एकाही रकान्याला आता माझा हात लागत नाही, मग तो टेलिग्रामच्या पत्त्याचा का असेना. आणि कुठपर्यंत ऐकलं ते टीएमपीतून काढून वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवलंय. लोट्याचा आकडा आणि ती जागा एकाच दमात लिहिली जातात. दोन्ही होतात, नाहीतर एकही होत नाही. काकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "चहा टाकू?"

सेठजींचा मात्र डेटाबेसवरचा विश्वास उडाला होता. त्यांनी एक अट घातली. रोज दुकान वाढवताना मी मुनीमजींना फोन करायचा, वहीचं नाव आणि जागा सांगायची, आणि मुनीमजींनी ती लाल बहीत लिहायची. मी कबूल केलं, दुसरं काय करणार? पाच महिने ते निमूटपणे लिहीत होते. बिनलॉग शून्य शून्य शून्य शून्य चार एक, जागा अमुक. रोकड, उधार, हमाली आणि त्याखाली हे. दिवाळीला बहीपूजन झालं तेव्हा त्या ओळीलाही हळदकुंकू लागलं.

पूजा आटोपल्यावर मुनीमजींनी नवी बही उघडली, वर श्री काढला, शुभ-लाभ लिहिलं. जुन्या बहीतून एकेका खात्याची बाकी नव्या पानावर उतरवत उतरवत ते त्या शेवटच्या ओळीपाशी आले आणि थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"भइया, ये किसका खाता है, पता नहीं. पर पिछला बाकी आगे लेना है ना?"

मी म्हणालो, "हव." आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून, अंक बरोबर उतरतोय ना ते दोनदा बघितलं.